घोड्याची लघवी, घोड्याचे रक्त आणि औषधाची वेळ

अमेरिकेतल्या रेसकोर्सवर विकत मिळणाऱ्या छापील कार्यक्रमपत्रिकेत अनेक घोड्यांच्या नावापुढे इंग्रजी 'एल' हे अक्षर असते. या घोड्याला शर्यतीपूर्वी लॅसिक्सचे इंजेक्शन अधिकृतपणे दिले आहे, असा त्याचा अर्थ. हेच औषध ब्रिटन, फ्रान्स, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया किंवा आपल्याकडे महालक्ष्मीवर धावलेल्या घोड्याच्या नमुन्यात आढळले, तर जिंकलेली शर्यत हातची जाते आणि ट्रेनरची चौकशी लागते. एकच औषध एका देशात जाहीरपणे दिले जाते आणि दुसऱ्या देशात गुन्हा ठरते, त्यामुळे घोडा 'पॉझिटिव्ह' आल्याची बातमी वाचणारा माणूस गोंधळतो. त्यातच अमेरिकेने २०२० साली नवा केंद्रीय कायदा करून या औषधावर मर्यादा आणायला सुरुवात केली आणि जुना वाद पुन्हा पेटला.

या वादातला तपासणीचा भाग सहसा कोणी नीट सांगत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. जिथे औषधाला परवानगी आहे, तिथे प्रयोगशाळेला 'औषध आहे की नाही' हे शोधायचे नसते. ते कधी आणि किती दिले, हे शोधायचे असते. त्यासाठी लघवी आणि रक्त हे दोन्ही नमुने लागतात, कारण नुसत्या लघवीवर विसंबले तर निर्दोष घोडा अडकू शकतो.

हे औषध आहे तरी काय?

लॅसिक्स हे व्यापारी नाव. औषधाचे मूळ नाव फ्युरोसेमाइड. हृदय कमकुवत झाल्यामुळे पायांवर सूज आलेल्या किंवा फुप्फुसात पाणी साचलेल्या रुग्णांना डॉक्टर जी लघवी वाढवणारी गोळी देतात, त्यांतली ही सर्वांत परिचित गोळी आहे. अशा औषधांना मूत्रल औषधे म्हणतात. मूत्रपिंडात रक्त गाळले गेल्यानंतर त्यातले बरेचसे मीठ आणि पाणी शरीर परत शोषून घेते. फ्युरोसेमाइड मीठ परत घेण्याची ही वाट अडवते. मीठ लघवीत राहते आणि त्याच्यामागे पाणीही जाते.

पुढच्या विवेचनासाठी यातली एक बाब ध्यानात ठेवावी. हे औषध मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या आतल्या बाजूने, म्हणजे तयार होत असलेल्या लघवीत उतरून काम करते. त्यामुळे औषधाने काम केले असेल, तर ते लघवीत सापडणारच. ते लपवणे अवघड असते.

धडधाकट घोड्याला लघवीचे औषध कशासाठी?

भरधाव पळणाऱ्या घोड्याच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर प्रचंड दाब येतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो. तो जागोजागी फाटतो आणि श्वासमार्गात रक्त उतरते. शर्यतीनंतर घोड्याच्या नाकातून दुर्बीण घालून पाहिले, तर एकाच तपासणीत जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक घोड्यांत रक्ताचा काहीतरी माग दिसतो. नाकातून रक्त बाहेर येणे मात्र क्वचित घडते. हा आजार नवा नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बार्टलेट्स चाइल्डर्स नावाचा एक घोडा होता. नाकातून रक्त येत असल्यामुळे लोक त्याला 'ब्लीडिंग चाइल्डर्स' म्हणत. पुढे जगप्रसिद्ध झालेला एक्लिप्स हा त्याच्याच वंशातला, त्यामुळे आजच्या बहुतेक रेसच्या घोड्यांत त्याचा अंश आहे.

फ्युरोसेमाइडमुळे शरीरातले पाणी घटते, रक्ताचे आकारमान कमी होते आणि फुप्फुसातल्या वाहिन्यांवरचा दाब थोडा उतरतो. त्याने रक्तस्राव खरोखर कमी होतो का, यावर अनेक वर्षे वाद होता. दक्षिण आफ्रिकेत १६७ घोड्यांवर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने त्याचे बऱ्यापैकी उत्तर दिले. त्यात प्रत्येक घोडा दोनदा पळवला, एकदा औषध देऊन आणि एकदा नुसते खारे पाणी टोचून. औषधाविना रक्तस्राव स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे औषध उपयोगी आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

मग अडचण कुठे आहे?

अडचणी दोन आहेत. पहिली वजनाची. इंजेक्शन दिल्यापासून शर्यतीपर्यंतच्या काही तासांत घोड्याचे वजन साधारण दहा ते पंधरा किलोंनी घटू शकते, आणि त्यातले बहुतेक वजन लघवीवाटे जाते. ज्या खेळात जॉकीच्या अर्ध्या किलोवरून हिशेब चालतात, तिथे ही घट किरकोळ म्हणता येत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या २२ हजारांहून अधिक घोड्यांच्या नोंदींचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध मिळालेले घोडे अधिक वेगाने पळाले आणि त्यांनी जास्त बक्षिसे मिळवली, असे दिसले. रक्तस्राव थांबल्यामुळे वेग वाढला की वजन घटल्यामुळे, हे मात्र अशा नोंदींवरून सांगता येत नाही.

दुसरी अडचण झाकण्याची. लघवी पातळ झाली की तिच्यातली इतर औषधेही विरळ होतात. दोन चमचे कोकमाचे आगळ पेलाभर पाण्यात घातले तर सरबत लालभडक दिसते. तेच दोन चमचे कळशीभर पाण्यात घातले तर रंग जेमतेम कळतो. आगळ तेवढेच असते, पण डोळ्यांना फसवण्यापुरते पाणी वाढलेले असते. शर्यतीच्या आधी अर्ध्या-पाऊण तासाने कोणी फ्युरोसेमाइड टोचले, तर शर्यतीनंतरची लघवी अशीच कळशीतली असेल आणि एखादे वेदनाशामक किंवा उत्तेजक त्यात हरवून जाण्याचा धोका राहील. म्हणूनच माणसांच्या क्रीडाक्षेत्रातही मूत्रल औषधे निषिद्ध यादीत आहेत. क्रिकेटरसिकांना २००३ चा विश्वचषक आठवत असेल. शेन वॉर्न ती स्पर्धा न खेळताच परतला आणि त्याच्यावर वर्षभराची बंदी आली, ती मूत्रल औषधामुळेच. बारीक दिसण्यासाठी आईने दिलेली गोळी घेतली, असा त्याचा खुलासा होता. पण निषिद्ध यादीच्या दृष्टीने हेतू काहीही असला, तरी गोळी तीच राहते.

चार तासांचा नियम

अमेरिकेतल्या रेसिंग नियामकांनी यावर जो तोडगा काढला, तो वेळेचा होता. औषध द्या, पण शर्यतीच्या किमान चार तास आधी द्या, शिरेतूनच द्या, आणि १५० ते ५०० मिलिग्रॅम एवढ्याच मात्रेत द्या. शिरेतून दिलेल्या औषधाचा लघवी वाढवणारा जोर पहिल्या तास-दोन तासांतच बहुतांशी ओसरतो. चार तासांनी लघवी पुन्हा घट्ट होऊ लागलेली असते, त्यामुळे तिच्यात इतर औषधे शोधता येतात. रक्ताचे आकारमान घटल्याचा परिणाम मात्र अजून काही प्रमाणात टिकून असतो. उपचाराचा फायदा घ्यावा आणि झाकाझाकीला वाव राहू नये, असा हा बेत. स्नायूत टोचलेले औषध हळूहळू रक्तात उतरते आणि जास्त वेळ रेंगाळते, म्हणून शिरेचा आग्रह.

नियम कागदावर सोपा आहे. पण तबेल्यात पहाटेपासून कोणी काय केले, हे शर्यत संपल्यावर कसे ओळखायचे? इंजेक्शन अधिकृत पशुवैद्याने ठरल्या वेळी दिले असेल, पण नंतर कोणी गुपचूप दुसरा डोस दिला नाही, याची खात्री कोण देणार? ही खात्री शर्यतीनंतरच्या नमुन्यांनी द्यायची असते.

लघवीचा घट्टपणा

घोड्याची लघवी मुळात पारदर्शक नसते. तिच्यात श्लेष्मा आणि चुन्याचे बारीक खडे असल्यामुळे ती गढूळ आणि किंचित चिकट असते. ती पाण्याच्या तुलनेत किती जड आहे, हे सांगणाऱ्या आकड्याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०००. निरोगी घोड्याच्या लघवीचे सहसा १.०२० ते १.०५० यांच्या दरम्यान असते. ते मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. हातात मावेल अशा नळीसारख्या उपकरणाच्या काचेवर एक थेंब सोडायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि आतल्या मोजपट्टीवर सावलीची रेघ कुठे येते ते वाचायचे.

नियमाची खालची रेघ १.०१० वर आखलेली आहे. हा आकडा उगाच निवडलेला नाही. या घट्टपणाची लघवी म्हणजे मूत्रपिंडाने गाळलेले पाणी ना आटवले ना पातळ केले, अशी अवस्था. घामाने निथळणारा घोडा शर्यतीहून परततो, तेव्हा त्याच्या शरीराला पाणी वाचवायचे असते आणि लघवी घट्ट असायला हवी. तरीही ती १.०१० च्या खाली असेल, तर मूत्रपिंडावर काहीतरी ताबा चालवत आहे, अशी शंका घ्यायला जागा होते.

पण ही फक्त शंका असते. लघवी मूत्राशयात साठून राहते; तिच्यात मागच्या काही तासांचा सगळा हिशेब एकत्र झालेला असतो. शिवाय लघवीतले औषधाचे प्रमाण मोजून काही निष्कर्ष काढू म्हटले, तर तेच पाणी पुन्हा आड येते. ज्या औषधाने लघवी पातळ केली, त्याचेच प्रमाण त्या पातळ लघवीत मोजायचे म्हणजे हलत्या तराजूत वजन करण्यासारखे आहे.

रक्तातला आकडा

रक्ताचे आकारमान एवढे वरखाली होत नाही, म्हणून रक्तातला आकडा भरवशाचा. पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या रक्तद्रवात प्रति मिलिलिटर १०० नॅनोग्रॅम ही फ्युरोसेमाइडची वरची मर्यादा आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. हे औषध मूत्रपिंडातून झपाट्याने बाहेर टाकले जाते, त्यामुळे त्याचे रक्तातले प्रमाण पहिल्या तासांत वेगाने उतरते. परवानगीची मात्रा चार तास आधी शिरेतून दिली असेल, तर शर्यतीनंतर बहुतेक घोड्यांत आकडा शंभराच्या बराच खाली असतो. तो शंभराच्या वर राहिला, तर औषध उशिरा दिले, जास्त दिले किंवा भलत्या मार्गाने दिले, अशी शक्यता बळावते. घड्याळ पाहता आले नसले, तरी उतरत्या आकड्यावरून वेळेचा अंदाज येतो.

आता दोन्ही नमुने एकत्र ठेवून नियम वाचला, की तो समजतो. लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०१० किंवा त्याहून जास्त असेल, तर लघवी तपासणीयोग्य आहे आणि तिच्यात इतर निषिद्ध औषधे शोधता येतात. ते १.०१० च्या खाली असेल किंवा घोड्याने लघवीच केली नसेल, तर रक्तातले फ्युरोसेमाइड मोजायचे. तिथेही आकडा १०० च्या वर गेला, तरच नियमभंग. पातळ लघवी एवढ्याच कारणाने कोणाला दोषी धरले जात नाही.

माझ्या मते, क्रीडाक्षेत्रातल्या औषध-नियमांत इतका समंजस नियम क्वचितच आढळतो. शंका घेणारा नमुना वेगळा आणि दोष सिद्ध करणारा वेगळा, ही विभागणी त्यात आधीच करून ठेवली आहे.

घोडा जास्त पाणी प्यायला असेल तर?

हा आक्षेप रास्त आहे. काही घोडे तबेल्यात बांधून राहिल्यावर कंटाळ्याने भरमसाट पाणी पितात आणि त्यांची लघवी औषधाविनाही पातळ होते. काहींना मूत्रपिंडाचा विकार असतो. नियमात दुसरी पायरी आहे ती अशांसाठीच. नुसते पाणी प्यायलेल्या घोड्याच्या रक्तात फ्युरोसेमाइड नसते किंवा परवानगीच्या डोसाएवढेच असते, त्यामुळे तो सुटतो.

नमुना घेतात तरी कसा?

शर्यत संपल्यावर विजेता आणि स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, निवडलेले इतर घोडे थेट तपासणीच्या तबेल्यात नेले जातात. वाटेत आणि तिथेही त्यांच्यावर सतत नजर असते. मोतद्दार घोड्याला धुतो, चालवतो, थोडेथोडे पाणी पाजतो. मग घोड्याला पेंढा अंथरलेल्या ठाणात सोडतात आणि लांब दांडीला कप लावलेला कर्मचारी हळू शीळ घालत वाट पाहतो. शीळ ऐकून लघवी करण्याची सवय अनेक घोड्यांना लागलेली असते; लाखोंची बक्षिसे ज्या निकालावर ठरायची, तो पुष्कळदा या शिळेवर खोळंबलेला असतो. घोडा दाद देईना, तर ठरावीक वेळ थांबून फक्त रक्त घेऊन त्याला मोकळे करतात. रक्त मानेतल्या मोठ्या शिरेतून पशुवैद्य घेतो, आणि ते मिनिटभराचे काम असते.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग होतात. बाटल्यांवर घोड्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. मोहोर लावताना ट्रेनरचा माणूस समोर असतो आणि त्याची सही घेतली जाते. पहिला भाग तपासला जातो. दुसरा गोठवून ठेवतात आणि मालकाने वा ट्रेनरने मागणी केली तर दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जातो. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची अखंड नोंद ठेवावी लागते. प्रयोगशाळेचे रसायनशास्त्र चोख असूनही या नोंदीत खंड पडला, तर वकिलाला तेवढे पुरते.

प्रयोगशाळेत वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात औषधाचे रेणू विद्युतभारित करून फोडले जातात. फ्युरोसेमाइडचा ३२९ वस्तुमानाचा भारित रेणू फुटल्यावर २८५ आणि २०५ असे ठरावीक तुकडे मिळतात. ठरावीक वेळी आणि ठरावीक प्रमाणात हेच तुकडे दिसले, तर ओळख पटली. प्रमाण अचूक मोजता यावे, म्हणून जड हायड्रोजन असलेले फ्युरोसेमाइड आधीच मोजून नमुन्यात मिसळतात आणि त्याच्याशी तुलना करतात. प्रत्येक मोजमापात थोडी अनिश्चितता असतेच. म्हणून १०० च्या रेघेवर घुटमळणारा आकडा आणि ती स्पष्टपणे ओलांडणारा आकडा यांत शहाणी प्रयोगशाळा फरक करते.

बंदी असलेल्या देशांत प्रश्न वेगळा

ज्या देशांत शर्यतीच्या दिवशी औषध नकोच, असा नियम आहे, तिथे वरचे दोन आकडे गैरलागू होतात. तिथे लघवीतला मागमूसही पुरतो, आणि तो शोधायला लघवी जास्त सोयीची, कारण फ्युरोसेमाइड रक्तातून गेल्यावरही तिच्यात दिसत राहते. सराव करताना औषध वापरायला हरकत नसते, पण शर्यतीआधी ते पुरते निघून जाईल इतके दिवस सोडावे लागतात. भारत या बाजूचा आहे. मुंबईत नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्यात जुलै ते ऑक्टोबर चालणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती याच धोरणाखाली होतात. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेत खेळाडूंबरोबर घोड्यांचे नमुनेही तपासले जातात.

इथे दुसरा आक्षेप अधिक टोकदार होतो. यंत्रे इतकी तीक्ष्ण झाली आहेत, की शेजारच्या ठाणातला भिजलेला पेंढा चघळल्यामुळे आलेला कणही त्यांना दिसू शकतो. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाबाबत तर लघवीने भिजलेल्या पेंढ्यातून औषध पुन्हा घोड्याच्या पोटात जाते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. 'मागमूसही नको' हा नियम म्हणायला स्वच्छ वाटतो, पण यंत्र जसजसे सुधारते, तसतसा तो न बदलताच कडक होत जातो. यावर उपाय म्हणून अनेक देशांत उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांकरिता छाननीच्या किमान पातळ्या ठरवल्या जातात. उत्तेजकांना आणि कुठल्याही उपचारात बसत नसलेल्या पदार्थांना ही सवलत नसते.

बंदी घातली तर घोड्यांचे हाल होणार नाहीत का?

अमेरिकेतल्या अनेक पशुवैद्यांचा हाच मुद्दा आहे आणि आफ्रिकेतला प्रयोग त्यांच्या बाजूने उभा आहे. विरुद्ध बाजू म्हणते, की जो घोडा औषधाविना पळू शकत नाही, त्याला पळवू नये आणि त्याची पैदासही करू नये. ऑस्ट्रेलियात दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलेल्या घोड्याला पहिल्या खेपेला तीन महिने विश्रांती आणि दुसऱ्या खेपेला कायमची निवृत्ती, असा नियम आहे. हा नियम कठोर असला, तरी त्यात रोग लपत नाही. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते, पण त्यातली खोच मान्य करायला हवी: नाकातून रक्त न येता फुप्फुसात रक्तस्राव होणारे घोडे या नियमाच्या नजरेतून सुटतात, आणि संख्येने तेच जास्त असतात.

अमेरिकेच्या नव्या व्यवस्थेने मधली वाट धरली. मे २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय औषध-नियमांनुसार दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतींत आणि मोठ्या मानाच्या शर्यतींत शेवटच्या ४८ तासांत फ्युरोसेमाइड देता येत नाही. इतर शर्यतींना तीन वर्षांची सवलत दिली गेली आणि त्या काळात शास्त्रीय अभ्यास करून फेरविचार करायचे ठरले. त्यामुळे एकाच रेसकोर्सवर, एकाच दुपारी, एका शर्यतीच्या नमुन्यांना 'किती आणि कधी' हा प्रश्न विचारला जातो आणि पुढच्या शर्यतीच्या नमुन्यांना 'आहे की नाही' हा.

आकड्याविना निकाल दिला तर काय होते?

४ मे १९६८ रोजी केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज हा घोडा पहिला आला. त्याच्या लघवीत फिनाइलब्युटाझोन हे सांधेदुखीवरचे औषध सापडले आणि त्याचे बक्षीस काढून दुसऱ्या आलेल्या फॉरवर्ड पासला देण्यात आले. पशुवैद्याचे म्हणणे होते, की औषध जवळपास आठवडाभर आधी दिले होते आणि एवढ्या अवधीत ते निघून जायला हवे होते. त्या काळच्या चाचण्या लघवीत औषध आहे, एवढेच सांगू शकत होत्या. ते किती होते आणि कधी दिले होते, हे सांगणारा रक्तातला आकडा कोणाकडेच नव्हता. प्रकरण काही वर्षे कोर्टात रेंगाळले आणि शेवटी फॉरवर्ड पासचा विजय कायम राहिला. ज्यांनी डान्सर्स इमेजवर पैसे लावले होते, त्यांना मात्र त्याच दिवशी खिडकीवर रक्कम मिळालेली होती आणि ती कोणी परत मागितली नाही.